ओहोटीत दिलेला पेपर

आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी शिट्टीने यायचं. नळाला पाणी सुटलं की तळमजल्यावरचे आमचे घरमालक बनियन आणि पांढऱ्या हाफ पँटीत अंगणात उभे राहत, गळ्यातली शिट्टी फुंकत आणि मग पंपाचं बटण दाबत. शिट्टी झाली की तिन्ही मजल्यांवर बादल्यांचा खडखडाट सुरू होई.

मी अंथरुणात पडल्या पडल्या ती शिट्टी ऐकायचे. इतरांना ती पाण्याची शिट्टी होती, मला तिच्यावरून घरमालकांचं, म्हणजे सरांचं, रक्त कळायचं. लांब, कानात घुसणारी असली तर इंजेक्शन नुकतंच झालंय. आखूड, मध्येच तुटलेली असली तर ते उतरत आलंय. आणि ज्या सकाळी शिट्टी न वाजता त्यांच्या पत्नी, काकी, खालून नुसतं "पानी आलंय" म्हणून ओरडत, त्या सकाळी मी उठून जिन्यातून खाली डोकावायचे. हे सगळ्या बिल्डिंगमध्ये फक्त मला ठाऊक आहे, असं मला वाटायचं. सरांनाही तसंच वाटायचं.

ते पी.टी.चे निवृत्त शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत, अगदी त्यांच्याशी भांडताना सुद्धा. मूळचे रत्नागिरीकडचे. बिल्डिंग मात्र काकींच्या वडिलांच्या जमिनीवर, भाईंदरच्या गोडदेव गावाच्या अगदी कडेला, जुनी कौलारू घरं संपतात तिथे उभी होती. सर म्हणत, "मी इथला जावई, तुम्ही इथले भाडेकरू. दोघांनीही आवाज बेताचा ठेवायचा." असं म्हणताना त्यांचा स्वतःचा आवाज रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात ऐकू जायचा.

माणसं ओळखायची त्यांची एकच पद्धत होती. कोण जिना कसा चढतो, त्यावर ते त्याचा स्वभाव ठरवत. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन कठड्याला धरून चढत, म्हणजे नवऱ्याचं ऐकणाऱ्या. माझे बाबा दोन-दोन पायऱ्या घेत, म्हणजे ऑफिसात दबलेले. आई प्रत्येक वळणावर श्वास घ्यायला थांबायची. तिच्याबद्दल ते काही बोलत नसत, फक्त वर बघत. माझ्याबद्दल त्यांनी पहिल्याच महिन्यात बाबांना सांगून टाकलं होतं की तुमची मुलगी चोरासारखी जिना चढते, तिच्या पावलांचा आवाज म्हणून येत नाही.

खरंच येत नसे. लालबागच्या एका खोलीतून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. शाळेत इंग्लिश, घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि या तिन्हींत मी कमीच बोलायचे. सरांनी माझं नाव कधी घेतलं नाही. ते मला "इंग्लिश मीडियम" म्हणत. "ए इंग्लिश मीडियम, पंप बंद कर." "इंग्लिश मीडियम, खांदे मागे."

एका दुपारी लाइट गेले होते. मी जिन्याने वर चालले असताना सरांनी दार किलकिलं करून मला आत बोलावलं. त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आत काकी काहीतरी वाटत होत्या. मग लॅबचं एक ब्राऊन पाकीट माझ्या हातात देत ते म्हणाले, "वाच. मोठ्याने नको. जे आलंय ते सांग."

पहिल्याच ओळीत टेस्टोस्टेरॉन असं लिहिलेलं होतं. मी अडखळले. माझे कान गरम झाले.

"बोल बोल," सर भिंतीकडे बघत म्हणाले. "इंग्लिशमध्ये आहे ना, मग त्यात घाण काही नाही. तुला का सांगतोय? तू बोलत नाहीस म्हणून."

त्यांचा आजार त्यांनी मला कवायत शिकवावी तसा समजावून सांगितला. डोक्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली होती, ती बऱ्याच वर्षांपूर्वी नाकातून काढली. तेव्हापासून ती ग्रंथी हुकूम सोडत नाही. "तुझे आजोबा गिरणीत होते ना? मग तुला कळेल. वरचा मुकादम कायमचा संपावर गेलाय, म्हणून खालची गिरणी बंद. आता मला दर तीन आठवड्यांनी बाहेरून कामगार आणावे लागतात." बाहेरचे कामगार म्हणजे कमरेत घ्यायचं तेलकट इंजेक्शन. नाक्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर ते टोचायचा. बिल्डिंगमध्ये ते व्हिटॅमिनचं म्हणून सांगितलेलं होतं, काकींनाही. "पुरुषाला पुरुषपण सुईतून घ्यावं लागतं, हे बायकोला कसं सांगणार? तूच सांग," ते म्हणाले. मी काहीच सांगितलं नाही. त्यांना तेच हवं होतं.

त्यानंतर मी त्यांची वाचणारी झाले, आणि मनातून त्यांची पहारेकरीण.

गच्चीवरून पलीकडची मिठागरं दिसत, खाडीचं पाणी चढलेलं-उतरलेलं कळे. त्यावरूनच सर आपल्या दिवसांना भरती आणि ओहोटी म्हणायचे. भरतीत त्यांनी एकदा एका सकाळी सगळा जिना स्वतः रंगवला आणि वाळायच्या आत त्यावरून चढल्याबद्दल तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याला खाली उतरवून उठाबशा काढायला लावल्या. तो बिचारा टाय लावून उठाबशा काढत होता. ओहोटीत तेच सर पंपाच्या खोलीत खुर्ची टाकून बसत. त्यांना दरदरून घाम फुटे. एकदा सुट्टीत आलेल्या माझ्या छोट्या चुलतभावाचा बॉल आत गेला, तो आणायला मी गेले, तर ते बॉल मांडीवर घेऊन रडत होते. मला बघून म्हणाले, "काही नाही गं. कामगार रजेवर गेलेत."

पूर्वी शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे ते नियमित जात. मग ते डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. सर दारातूनच परतले. तेव्हापासून त्यांचा इलाज ते स्वतःच चालवत होते, आणि तो शिक्षकाच्या पद्धतीने चालवत होते. रक्ताची तपासणी म्हणजे परीक्षा. एकदा त्यांनी ओहोटीत रक्त दिलं तर आकडा अगदी तळाला आला. त्यांना नापास झाल्याचं इतकं लागलं, की पुढच्या वेळेपासून ते आधी इंजेक्शन घेत आणि एक-दोन दिवसांनी रक्त द्यायला जात. "अभ्यास केल्याशिवाय परीक्षेला बसणारा मूर्ख," ते म्हणत. आकडा मस्त यायचा. शिवाय ओहोटी नको म्हणून त्यांनी कंपाउंडरला सांगून दोन इंजेक्शनांमधलं अंतरही कमी करून घेतलं होतं. पास झालेल्या मुलाने पेपर घेऊन मास्तरांकडे कशाला जायचं? म्हणून ते डॉक्टरांकडे जात नव्हते.

याच काळात त्यांचं हिमोग्लोबिन वाढायला लागलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये हिमोग्लोबिन ही फक्त कमी असायची गोष्ट होती. आईचं आठाच्या आसपास घुटमळायचं. बेनचं त्याहून थोडं बरं. बाळंतपणं, उपास, उरलंसुरलं खाणं, सगळ्यांची कारणं तीच. त्यात सरांचं सतरा आलं, मग साडेसतरा, मग अठरा. लॅबवाले मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापत. सरांना वाटलं, ठळक छापलंय म्हणजे लॅबने शाबासकी दिलीय. अठरा झालं त्या दिवशी त्यांनी दहावीचा निकाल लागल्यासारखे सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले.

आणि गच्चीवर बायकांचा वर्ग सुरू केला. रोज सकाळी पाणी भरून झालं की बायका साडी-गाऊनमध्ये रांगेत उभ्या. सर शिट्टी फुंकणार, बायका हात वर करणार. मग आहार. लोखंडी कढईत भाजी, भिजवलेले खजूर, गूळ-शेंगदाणे, बीट. बेन विचारायच्या, "सर, बीट कच्चा खाने का कि उबाल के?" सर म्हणायचे, "कच्चा. दात कशाला दिलेत?" उदाहरण म्हणून ते स्वतः उभे राहत. सगळ्यांसमोर बीट चावत आणि लोहाच्या टॉनिकचं झाकण भरून घेत. "माझ्याकडे बघा," ते म्हणत. "या वयात अठरा."

मी बघायचे. गच्चीच्या दाराशी उभी राहून मी फक्त त्यांच्याकडेच बघायचे. त्यांचे कान लाल झालेले असत. चेहरा उन्हातून आल्यासारखा, आणि ऊन तर अजून आलेलंही नसे. डोकं दुखतं म्हणून ते ओला रुमाल बांधत. हातांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. बायका म्हणत, सरांच्या तोंडावर काय तेज आलंय. आई सुद्धा म्हणायची. मला ते तेज बघवत नसे. पण कशामुळे, ते मला सांगता आलं नसतं.

एका सकाळी त्यांनी शिट्टी ओठांकडे नेली आणि ती खाली पडली. दोरी आधीच तुटली होती, शिट्टी ते हातातच धरत. ते खाली वाकले, बोटं शिट्टीवर टेकली, पण मिटेनात. ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. बायकांना वाटलं, हा नवीन व्यायाम आहे. दोघीतिघी वाकल्या सुद्धा. मी पुढे होऊन शिट्टी उचलली आणि त्यांच्या हातावर ठेवली. ते माझ्याकडे बघून हसले, तेव्हा ओठाचा एकच कोपरा वर गेला. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत झालं. बोटं मिटायला लागली, शिट्टी वाजली, हात वर झाले.

"झोपेत हाताला मुंग्या आल्या असतील," खाली उतरताना ते म्हणाले. "कुणाला सांगायचं नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. पण स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. मागून कुणी बघेल म्हणून स्क्रीनला चिकटून बसले होते. तिथे जे वाचलं त्याचा अर्थ सरळ होता. बाहेरून घेतलेलं हे हार्मोन जास्त झालं, की शरीर गरजेपेक्षा जास्त रक्तपेशी बनवतं. रक्त दाट होतं. दाट रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूत अडकू शकते. ज्या आकड्यावर आम्ही पेढे खाल्ले होते, तोच आकडा त्यांना मारणार होता, आणि ते त्याला रोज बीट आणि लोह घालून पोसत होते.

आता सांगायचं कसं? सरांना सांगायचं, तर मास्तरांना त्यांची चूक सांगायची. काकींना सांगायचं, तर ज्या एका कारणाने त्यांनी मला निवडलं होतं तेच मोडायचं. मी रोज वाक्य तयार करायचे, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत न्यायचे आणि तसंच वर घेऊन यायचे. पहाटे शिट्टी वाजेपर्यंत मी जागी असायचे. ती वाजली की वाटे, एक रात्र निभावली.

मग पुढचा रिपोर्ट आला. सरांनी नेहमीप्रमाणे मला बोलावलं, नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मी पाकीट फोडलं. हिमोग्लोबिन एकोणीसच्या वर होतं. त्याखालचेही दोन आकडे ठळक होते.

"एकोणीस झालं का?" त्यांनी विचारलं. पेढ्यांचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

मी तयार केलेली सगळी वाक्यं विसरले. बोलायचं मला जमणारच नव्हतं. जे जमत होतं तेच मी केलं. कागदाची घडी घातली आणि गप्प बसले.

"काय गं? वाच की."

"नाही वाचणार," मी म्हणाले. "डॉक्टरांसमोर वाचीन."

त्यांचा चेहरा आणखी लाल झाला. ते भरतीत होते. त्यांनी मला विचारलं, की घरमालक कोण आहे, मी कुणाच्या घरात उभी आहे, आणि हेच इंग्लिश शाळेत शिकवतात का. बाबांना बोलावू का म्हणाले. मी कागद छातीशी धरून उभी होते. आवाज चढवू नका, काहीतरी होईल, एवढंच मला म्हणायचं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. काकी बोंबील घोळवायच्या पिठाने भरलेले हात पुढे धरून उभ्या होत्या.

"वाचू नको, पोरी," त्या मला म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "तुमी कपडे घाला. मी पन येतंय."

"कुठे? कशाला? व्हिटॅमिनचा रिपोर्ट आहे."

"व्हिटॅमिन," काकी म्हणाल्या. "मी काय आंधली न्हाय. सुई घेऊन आलाव की चार दिवस घर डोक्यावर घेताव, मंग जाऊन पंपाजवल बसताव. इतकी वरसा मना ठावं हाय. तुमाला सांगाचं नव्हतं, म्हनून मी इचारलं न्हाय." त्यांनी सरांच्या हाताकडे बघितलं. "पन आता तुमची बोटं शर्टाच्या बटनाला लागत न्हाईत. त्ये मी बगतंय."

सर खाली बसले. खुर्ची आहे की नाही तेही न बघता बसले. सुदैवाने होती.

शर्टाची बटणं काकींनीच लावली. काशिमीरा नाक्यापर्यंत रिक्षा, तिथून बस. कुठेतरी मध्ये काकींनी सरांच्या हातात वाटेत खायला आणलेला लाडू दिला. तो गूळ-शेंगदाण्याचाच आहे ना, असं आधी विचारून मगच त्यांनी खाल्ला. डॉक्टरीणबाईंसमोर मी रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. इतकं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बाईंनी तो कागद स्वतः बघितला, आणि हात लुळा पडल्याचं कळल्यावर त्याच दिवशी का आला नाहीत म्हणून सरांना फैलावर घेतलं. सर सावधान स्थितीत बसून ऐकत होते. मग बाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. त्यांना काही खाजगी विचारायचं होतं. काकी आतच राहिल्या. पडद्याआडून सरांचा पुटपुटता आवाज येत होता, आणि मध्येच काकींचं हसणं. त्या इतक्या मोकळ्या हसू शकतात, हे मला तेव्हाच कळलं.

मेंदूचा फोटो काढला. मोठं काही झालेलं नव्हतं, पण व्हायला फार वेळ लागला नसता, असं बाईंनी सांगितलं. इंजेक्शन सध्या बंद. टॉनिक बंद. आकडा उतरला की पुन्हा सुरू करायचं, पण थोडं थोडं आणि वरचेवर, म्हणजे चढ-उतार कमी होईल. आणि रक्त तपासायचं ते पुढच्या इंजेक्शनच्या आधी, ते सगळ्यात कमी असताना. सरांना ते पटेना. तयारी न करता परीक्षा? काकींना मात्र लगेच कळलं. "बापाचं मिठाचं आगर व्हतं," त्या म्हणाल्या. "सगली भरती एकदम आत घेतली तर बांध फुटंल. थोडं थोडं घ्यावं लागतं."

रक्त दाट झालं होतं म्हणून एक पिशवी काढून टाकायची होती. रक्तपेढीत सर आडवे झाले, पिशवी भरत गेली. ते तिच्याकडे टक लावून बघत होते. भरल्यावर त्यांनी सिस्टरना विचारलं, हे आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंना देता येईल का? त्यांचं फार कमी आहे. जिना चढताना थांबतात. सिस्टर म्हणाल्या, हे औषध म्हणून काढलेलं रक्त आहे, ते कुणाला देत नाहीत, नष्ट करतात.

"एवढं कमावलेलं," सर म्हणाले. एवढंच. मी दाराशी उभी होते आणि ती एक बाई म्हणजे माझी आई, हे त्यांनी माझ्याकडे बघितलं नसतं तरी मला कळलं असतं.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. इंजेक्शन बंद, त्यामुळे लांबच लांब ओहोटी. कितीतरी सकाळी काकीच पाणी आल्याचं ओरडत. मी कॉलेजला जाताना पंपाच्या खोलीत डोकावायचे. सर मान वर न करता हात हलवत. एके दिवशी ते आमच्या दाराशी आले. तिसरा मजला, मध्ये दोनदा थांबून. त्यांच्या हातात लोहाच्या टॉनिकच्या उरलेल्या बाटल्या होत्या. आईला म्हणाले, "मला आता चालत नाही. मी जास्त पास झालो. तुम्ही घ्या, पण डॉक्टरला विचारून." त्या बाटल्या आमच्या फडताळात आल्या. आईने विचारून घेतल्या सुद्धा.

आकडा उतरल्यावर इंजेक्शन थोडं थोडं पुन्हा सुरू झालं. गच्चीवरचा वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा सर एका स्टुलावर बसून शिकवायला लागले. बेननी विचारलं, सर, आप बीट नहीं खाते अब? सर म्हणाले, "माझी बॅच संपली."

शेवटचा रिपोर्ट मी वाचला, त्यानंतर वर्षभरातच आम्ही ती जागा सोडली. तो रिपोर्ट वाचला त्या सकाळी शिट्टी झाली नव्हती. काकींनी ओरडून पाणी सांगितलं होतं, म्हणून मी जरा घाबरतच खाली गेले. सर खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर घाम. पाकीट समोर ठेवलेलं.

"इंग्लिश मीडियम, आज मोठ्याने वाच," ते म्हणाले. "ओहोटीत दिलाय पेपर. अजिबात अभ्यास न करता."

मी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. ते उघडं होतं. आत काकी पाटावर बसून चवळी निवडत होत्या. मी ते ओढून घ्यायला उठले, तर सरांनी हाताने मला थांबवलं.

मी पहिली ओळ वाचली. टेस्टोस्टेरॉन, आणि त्यापुढचा आकडा. कमीच होता, पण मर्यादेत. हिमोग्लोबिन पंधरा. सगळ्या पानावर एकही अक्षर ठळक नव्हतं. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. ते बराच वेळ बघत राहिले, जणू कुठे काही राहून गेलंय.

"किती आला?" काकींनी आतून विचारलं.

मी तोंड उघडलं, पण सरांनी मला बोलू दिलं नाही. त्यांनी तो इंग्लिश शब्द नीट, सावकाश, एकही अक्षर न चुकता उच्चारला, आणि पुढचा आकडा स्वतःच बायकोला सांगितला.